वाट पाहा, मग जोडा

वरचीवाडी, देवरूख
२० नोव्हेंबर १९८५

चि. करीम,

तुझे पत्र गणपतीत आले आणि मी उत्तर दिवाळी उलटल्यावर लिहितो आहे, त्याबद्दल रागावू नकोस. दोनदा लिहायला बसलो होतो. पहिल्यांदा वाटले, सगळे ठीक झाले की मगच लिहू. नंतर वाटले, बिघडलेच आहे तर पुरते बिघडू दे, म्हणजे एकाच पत्रात मावेल. तुझी हौसाकाकी म्हणते, "तुम्ही लिहायला बसलात की पोस्टमन पेन्शनीत जातो."

तर आता काय झाले ते लिहितो. घाबरू नकोस. मी घाबरलो आहे तेवढे पुरे आहे.

तुझ्या दोस्ताने टीव्ही, व्हिडीओ आणि तुझी कॅसेट आरेला तुमच्या घरी नीट पोचवली. कुठे ओरखडा नाही. पण तुमच्या मोहल्ल्यात अजून वीज नाही हे तू मस्कतला बसून विसरलास काय? खांब रोवून झाले, तारा आल्या नाहीत. खांबांना सध्या बकऱ्या बांधतात. टीव्हीवर तुझ्या बहिणीने, बिल्किसने, विणलेला रुमाल घातला आहे आणि रुमालावर मरियमभाभीचा पानाचा डबा असतो. तीन वर्षे दृष्टीस न पडलेला मुलगा त्या कॅसेटमध्ये बसला आहे आणि आई त्याच्यासमोर पान जुळवते आहे, हे मला बघवत नाही.

मी म्हटले, "भाभी, रत्नागिरीत कोणाच्या तरी घरी नेऊन बघू. तासाभराचे काम."

भाभी म्हणाली, "माझा पोर दिसणार तो परक्याच्या माजघरात? मी त्यांच्या खुर्चीवर अंग चोरून बसू आणि डोळे पुसायला पण लाजू? नाय आप्पाभाऊ. त्याचं तोंड मी माझ्या घरात बघीन."

मग सदूने डोके चालवले. पुतण्या माझा, पण डोके त्याला कोणाचे मिळाले कळत नाही. आपल्या पिकअपमध्ये सीटच्या मागे तो इन्व्हर्टर आहे ना, बॅटरीतली वीज घेऊन घरातल्यासारखी वीज करणारा डबा. पूजेला आणि लग्नाला लाऊडस्पीकरबरोबर दोन ट्यूबलाईट त्यावर चालतात. सदू म्हणाला, ट्यूब चालते तर टीव्ही का नाही? गाडी अंगणात लावली, खिडकीतून वायर आत घेतली. पडदा उजळला. वारूळ फुटून मुंग्या धावाव्यात तसे काहीतरी दिसले. इन्व्हर्टरने एक उसासा टाकला आणि सगळे गेले. गाडीचे दिवेसुद्धा गेले. भाभी म्हणाली, "झाला? एवढाच होता?"

कॅसेट अजून आत घातली नव्हती हे आपले नशीब.

आता सदू म्हणतो, जुना डबा शंभर वाटीचा आहे, तीनशे वाटीचा पाहिजे. वीज वाटीने मोजतात हे मला ठाऊक नव्हते. मी तिसरीपर्यंत शिकलो, तेव्हा वीजच नव्हती. रत्नागिरीतला सखाराम रेडिओवाला तसा डबा बनवून देतो म्हणतो. पण मला रात्रंदिवस घोर लागला आहे. तीनशे वाट्या वीज गाडीतून काढली तर इंजिनाला काय उरेल? कॅसेट एकच आहे, ती जळली तर भाभीला मी काय सांगू? आणि गाडी उभ्या जागी पेटली तर? ही गाडी तुझ्या बापाने आणि मी मिळून घेतली. गनी चालवायचा, मी शेजारी बसून घाबरायचो. असा आमचा जोडधंदा होता. आता गनी नाही, नुसता घाबरणारा उरला आहे.

तू तिथे मोठ्या गाड्यांची वायरिंग करतोस, तर काय करायचे ते सांग. सदूला मी दमात ठेवले आहे, पण तो फार दिवस राहणार नाही. पत्राला वेळ लागतो म्हणून तार कर. इंग्रजीत करू नकोस. आमचा काशीराम पोस्टमन इंग्रजी वाचतो, पण अर्थ आपल्या मनाचा लावतो.

तुझा,
आप्पाकाका

---

मस्कत
६ डिसेंबर १९८५

आप्पाकाका,

सलाम. तुमचे पत्र सकाळी मिळाले आणि दुपारी तार केली. ती केव्हाच मिळाली असेल. इथल्या तारघरात मराठी अक्षरे नाहीत, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिले: वॅट पाहा, मग जोडा. कारकून मलबारी. त्याने विचारले, ही कोणती भाषा? मी म्हटले, आमच्या काकांना कळणारी.

तारेत मावले नाही ते इथे लिहितो. सदूला वाचून दाखवा.

वाटी नव्हे काका, वॅट. टीव्हीच्या आणि व्हिडीओच्या पाठीवर पत्र्याची पट्टी आहे. तिच्यावर वॅटचा आकडा छापलेला आहे. दोन्ही आकड्यांची बेरीज करा. टीव्ही सुरू होताना क्षणभर फार ओढतो, भरलेली गाडी चढाला उचलावी लागते तसा. म्हणून इन्व्हर्टर बेरजेच्या दुपटीचा हवा. तेव्हा तीनशे बरोबर आहे. सखारामला सांगा, घाई करू नको.

पण नुसता डबा मोठा करून भागत नाही. सदूने वायर हेडलाईटच्या वायरीतून घेतली असणार. नाही म्हणाला तर खोटे बोलतो आहे. जाड वायर घ्या, करंगळीएवढी, आणि थेट बॅटरीपासून आणा. जितकी आखूड तितकी चांगली. मध्ये फ्यूज घाला. शेजारी दुसरी बॅटरी जोडा आणि टीव्ही चालू असेपर्यंत इंजिन बंद करू नका. डबा सीटच्या मागे ठेवू नका, तिथे हवा लागत नाही. मागे हौद्यात ठेवा, भोके पाडलेल्या लाकडी पेटीत. आधी साधा बल्ब लावून बघा. बल्ब नीट जळला तर टीव्ही लावा.

इंजिनाला काही होत नाही. घाबरायचेच असेल तर फ्यूज नसेल तर घाबरा.

इथे मी रोज हेच करतो. वाळवंटात जाणाऱ्या पिकअपांवर लोक काय काय चालवतात ते बघितले तर तुम्ही गाडीत बसणे सोडाल. परवा एकाने हौद्यात फ्रीज बसवून घेतला. म्हणाला, उंटाचे दूध नासते.

अम्माला सांगा, कॅसेट बघताना मध्ये उठू नको. शेवटपर्यंत बघा. शेवटी थोडे कामाचे बोललो आहे.

तुमचा,
करीम

---

वरचीवाडी, देवरूख
१४ डिसेंबर १९८५

चि. करीम,

तुझी तार मिळाली. अरे, एवढीशी तार आणि केवढा आनंद. मला आधी वाटले, तार म्हणजे वाईटच. काशीराम पायरीवर उभा राहिला तेव्हा मी खांब धरून बसलो. हौसा म्हणाली, "वाच रे मेल्या, हे इथेच बसल्या जागी जातील."

त्याने एकेक अक्षर लावले. "डब्ल्यू, ए, दोन टी. वाट. पुढे पाहा. वाट पाहा, मग जोडा."

मी विचारले, "दोन टी कशाला?"

म्हणाला, "आखातात सगळं जास्तच असतं."

म्हणजे तू येतोस. आधी का कळवले नाहीस? मी तुला घाबरवले म्हणून धावत येतोस असे हौसा म्हणते. घाबरण्याचा एकदा तरी उपयोग झाला. आता मी सदूला डब्याला हात लावू देत नाही. सखारामने नवा इन्व्हर्टर बनवला आहे. कापा फणसासारखा जड आहे, दोघांनी उचलावा लागतो. तो माझ्या खाटेखाली ठेवला आहे. रात्री पाय लागला की जागा होतो. सदू म्हणाला, "काका, तो शब्द वेगळा असेल." मी म्हटले, "तुला जोडायची घाई, म्हणून तुला सगळेच शब्द वेगळे दिसतात."

दुसऱ्या दिवशी तार खिशात घालून आरेला गेलो. भाभी अंगणात सुकट वाळत घालत होती. मी म्हटले, "भाभी, करीम येतो."

तिने हात पदराला पुसले आणि तार घेतली, उलटी धरली, मग बिल्किसला दिली. बिल्किसने दोनदा वाचली. ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात भाभी म्हणाली, "चुलीवरचं बघ गो, करपेल." चुलीवर काही होते असे मला वाटत नाही, पण पोर आत गेली.

त्यानंतर तुमच्या घरात जी धावपळ चालू आहे ती तू बघायला हवीस. सगळ्या भिंतींना चुना काढला. तुझ्या खाटेला नवी सुंभे विणली. एक तांबडा कोंबडा वेगळा काढला आहे. त्याला तांदळाच्या कण्या घालतात आणि त्याचे नावच पाहुणा ठेवले आहे. मोहल्ल्यात ज्याला त्याला भाभी सांगते, "करीमची तार आली, वाट पाहा म्हणून." मी म्हटले, "भाभी, तोपर्यंत कॅसेट तरी बघायची का? सदू जोडून देईल."

म्हणाली, "माणूस येतो तर त्याची सावली कशाला बघू?"

तर आता तू कधी येतोस ते कळव. मुंबईहून एस. टी.ने येशील तर मी आणि सदू गाडी घेऊन रत्नागिरीला येतो. तुझ्या सामानात जाड वायर असेल तर हातातल्या पिशवीत ठेव, टपावर ठेवू नकोस. रत्नागिरीत वायर मिळते, पण मला तिचा भरवसा वाटत नाही.

आनंदात असलेला,
आप्पाकाका

---

मस्कत
२९ डिसेंबर १९८५

आप्पाकाका,

मी येत नाही.

तुमचे पत्र वाचताना पहिल्यांदा हसलो, कोंबड्यापर्यंत आल्यावर हसू थांबले. मी वाट लिहिले नव्हते. वॅट लिहिले होते. दोन टी त्यासाठीच होते. माझे सहा तारखेचे पत्र मिळाले असेल तर त्यात सगळे आहे. तुम्हाला इंग्रजी नको म्हणून मी मराठीत तार केली आणि ही वेळ आली.

आता हे अम्माला तुम्हीच सांगा. मी पत्रात लिहिले तर बिल्किसला मोठ्याने वाचावे लागेल आणि ती बिचारी वाचता वाचता रडेल. तुम्ही समोर बसून सांगितलेत तर बरे. तुमचे ती ऐकते.

आणखी एक आहे, ते तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. इथल्या कंपनीने मला गॅरेजचा फोरमन करायचे ठरवले आहे. त्यासाठी आणखी दोन वर्षांचा करार करायचा. कागद तयार आहेत, मार्चअखेर सही करायची आहे. सुट्टीचे मी अजून विचारलेले नाही. विचारले तर म्हणतील, याचे मन इथे नाही, आणि जागा दुसऱ्याला देतील. हे पत्रात लिहायला जमेना, म्हणून कॅसेटमध्ये बोललो. शेवटी. चेहरा दिसला की अम्मा समजून घेईल असे वाटले. कॅमेऱ्यासमोर बोलायला सोपे जाते काका, समोरून कोणी उत्तर देत नाही.

म्हणून कॅसेट तिने बघायला हवी. डबा जोडा. जसे लिहिले आहे तसेच जोडा. ती बघेल तेव्हा तुम्ही जवळ बसा.

कोंबड्याचे काय करायचे ते तुम्हीच ठरवा.

तुमचा,
करीम

---

वरचीवाडी, देवरूख
१६ फेब्रुवारी १९८६

चि. करीम,

तुझी दोन्ही पत्रे मागोमाग आली. पहिले वाचून लाज वाटली, दुसरे वाचून तडक पोस्टात गेलो. काशीरामला मी दोन टीबद्दल जाब विचारला. तो म्हणाला, "मी अक्षरं बरोबर वाचली. अर्थ तुम्ही लावलात." हे खरे आहे, म्हणून जास्त राग आला.

भाभीला सांगायला मी आरेला गेलो. भाभीने चहा केला. मी चहा प्यालो. तिने विचारले, "करीमचं पत्र?" मी म्हटले, "आलं. बरा आहे." मग पाहुणा माझ्या चपलेवर येऊन बसला आणि मला बोलवेना. परत आलो. दुसऱ्या खेपेस हौसाला बरोबर नेले, की मी अडखळलो तर ती सांगेल. हौसा आणि भाभी फणसाच्या कुयरीच्या भाजीवर बोलत बसल्या आणि येताना हौसा मला म्हणाली, "तुमचा निरोप, तुम्ही सांगा. मी भाजी खायला आले होते." तिसऱ्या खेपेस मी नुसता अंगणापर्यंत गेलो आणि खांबाला बांधलेल्या बकरीची विचारपूस करून आलो.

शेवटी ठरवले, की तू स्वतःच सांग. तू कॅसेटमध्ये सांगितलेच आहेस. भाभीला म्हटले, "तो येईपर्यंत कॅसेट बघून ठेवू. नाहीतर आल्यावर विचारेल, बघितली नाहीत का?" तिने टीव्हीवरचा पानाचा डबा उचलला. म्हणाली, "लावा."

जोडणी तू लिहिल्याप्रमाणे झाली. आकड्यांची बेरीज सदूने केली, मग मी केली, मग बिल्किसने केली. तिघांची जुळली तेव्हा पुढे गेलो. हेडलाईटचे तू म्हणालास ते खरे निघाले. सदू आधी नाही म्हणाला, मग तुझे पत्र दाखवले तेव्हा म्हणाला, "करीमभाई तिकडून बघतो काय?" जाड वायर, फ्यूज, दुसरी बॅटरी, सगळे केले. पेटी हौसाची सुपारीची घेतली. तिला भोके पाडताना हौसा जे बोलली ते पत्रात लिहिता येत नाही.

निघण्याआधी मी बोनेटवर नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. "बा गावदेवा म्हाराजा, आज ह्या गाडीत जो नवा डबा बसवला आहे तो मधेच बंद पडू देऊ नकोस. कॅसेटीला धग लागू देऊ नकोस. काय चुकलंमाकलं असेल तर पोटात घे." व्हय म्हाराजा म्हणायला हौसा आणि सदू दोघेच होते. सदूने नेमका तेव्हाच खटका दाबला आणि हौद्यातून डबा घुमला. हुंऽऽ. गुरवाच्या तोंडून यावे तसे. हौसा म्हणाली, "देव इंग्रजी बोलतो आता."

आरेला दुपारच्या नमाजानंतर लावले. सगळा मोहल्ला तुमच्या पडवीत. सदू गाडीत इंजिन चालू ठेवून बसला. मी खिडकीपाशी, जिथे वायर आत येते आणि पिन लावली आहे तिथे. मुद्दाम तिथे बसलो. का ते पुढे येते.

बल्ब लागला. टीव्ही लागला. आडव्या पट्ट्या थोडा वेळ वरखाली फिरल्या आणि तू आलास. पांढरा शर्ट, हात मांडीवर, पासपोर्टच्या फोटोसारखा. तू सलाम म्हणालास. भाभीने वालेकुम सलाम म्हटले आणि तू पुढे काय विचारतोस म्हणून थांबली. तू गॅरेजचे बोलायला लागलास तेव्हा मला म्हणाली, "ऐकत नाय." मग म्हणाली, "वाळलाय."

बिल्किस म्हणाली, "अम्मा, पडदाच लहान आहे."

"मग तोंड तरी लहान दिसायला हवं. नाक तेवढंच आहे."

तू तुझी खोली दाखवलीस, चूल दाखवलीस, डाळ ढवळलीस. भाभी म्हणाली, "मीठ दुसऱ्यांदा टाकलं, बघितलं? कोण सांगणार त्याला." मग कोणीतरी पलीकडून काही बोलले आणि तू हसलास. तुझा बाप घाटात ब्रेक लागला की हसायचा तसा. मी गाडीकडे तोंड फिरवून बसलो.

करीम, डबा एकदाही अडखळला नाही. मी इतकी वर्षे देवाला सांगत आलो की बंद पडू देऊ नकोस. त्या दिवशी, तुझा शेवट जवळ येऊ लागला तशी मी मनातल्या मनात म्हटले, आता बंद पाड. देवाने दोन्ही ऐकले असणार, पण सकाळच्या गाऱ्हाण्याला नारळ होता.

मग तू घसा खाकरलास. म्हणालास, "अम्मा, आता एक कामाचं." आणि मी पिन ओढली.

पडदा काळा झाला. बाहेर इंजिन चालू, पेटी घुमते आहे. सदू धावत आला, "फ्यूज गेला काय?" पडवीत सगळे एकदम बोलायला लागले. मी पिन धोतराखाली लपवली होती. वायर मात्र दिसत होती.

भाभीने मान वळवली नाही. काळ्या पडद्याकडे बघत म्हणाली, "आप्पाभाऊ, पिन लाव."

मी म्हटले, "भाभी, डबा तापला असेल."

"डबा नाय तापला. तू तापलास. लाव. तो घसा खाकरतो तेव्हा काय सांगतो ते मला ठाऊक आहे. शाळेत नापास झाला तेव्हा खाकरला. मस्कतला जायचं ठरवलं तेव्हा खाकरला. तो येत नाय."

मी म्हटले, "माझी चूक झाली. तार मीच चुकीची लावली. त्याने वाट लिहिलं नव्हतं. ते विजेचं माप आहे."

"ते बिल्किसने त्याच दिवशी सांगितलं. दोन टी बघून."

मी म्हटले, "मग घराला चुना कशाला काढलास? आणि तो कोंबडा?"

भाभी म्हणाली, "तीन वर्षं पत्रं येतात. येतो असं लिहीत नाय, वाट बघू नका असं पण लिहीत नाय. नुसतं बरा आहे, बरा आहे. एकदा चुकून का होईना, त्याच्या हातून निघालं वाट पाहा. ते मी त्याला परत कशाला देऊ?"

बिल्किस भिंतीकडे तोंड करून हसत होती की रडत होती, मला दिसले नाही. मी पिन लावली, सदूने बटण दाबले. तू पुन्हा आलास आणि फोरमनचे सांगितलेस, दोन वर्षांचे सांगितलेस, आणि खाली बघितलेस. भाभीने सगळे ऐकून घेतले, मध्ये उठली नाही. मग तुला म्हणाली, म्हणजे टीव्हीला म्हणाली, "फोरमन हो. चांगलं आहे. सही पण कर. पण सहीच्या आधी सुट्टी माग. त्यांना तू पाहिजेस तोवर माग. सही झाल्यावर कोण विचारतो?" तू अर्थातच काही बोलला नाहीस. पडद्यावर मुंग्या आल्या. ती मला म्हणाली, "ह्याला ऐकू जात नाय. तू लिही."

म्हणून लिहितो आहे. हे तिचे शब्द आहेत, मी एकही अक्षर इकडचे तिकडे केलेले नाही. तारेचा अनुभव घेतल्यापासून मी अक्षरांना भितो.

आता सदू दर शुक्रवारी गाडी घेऊन आरेला जातो. सखारामला आणखी दोन गावांतून तसल्याच डब्याची मागणी आली आहे. सदूला वाटते आता आपण टीव्हीचाच धंदा करू. मी अजून होकार दिलेला नाही, दोन बॅटऱ्यांचा घोर मला पुरतो. भाभी कॅसेट बघते, डाळीतले मीठ बघते, तू हसतोस तिथे सदूला मागे घ्यायला लावते. पण तू घसा खाकरलास की म्हणते, "बस. बंद कर. पुढचं बदलायचं आहे."

कोंबडा अजून आहे. कण्या खाऊन इतका मातला आहे की त्याला मोहल्ल्यात कोणी हात लावत नाही. मला भीती वाटते, की तू आणखी उशीर केलास तर तो म्हातारा होईल आणि मटणासारखा शिजवावा लागेल.

तेव्हा मार्च संपायच्या आत साहेबाला विचार आणि लगेच तार कर. आमचे डोळे काशीराम उभा राहतो त्या पायरीकडे लागले आहेत. पण बाबा, मराठी लिहू नकोस आणि इंग्रजीही लिहू नकोस. शब्दच घालू नकोस. नुसती तारीख घाल.

तुझा,
आप्पाकाका